गाडीचा पायगुण

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्यासोबत तीस वर्षं रोज संध्याकाळी चहा पितो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर म्हणाला असता, जाऊ द्या हो, तुम्ही तसे नाही. आणि मी ते ऐकून घेतलं असतं.

आधी माझी सवय सांगतो. मी घासाघीस करणारा माणूस. नात्यात लग्न निघालं की हॉल ठरवायला मी, प्लॉट घ्यायचा तर मालकाशी बोलायला मी, साड्यांच्या दुकानातसुद्धा बायका मलाच पुढे करतात. माझी पद्धत साधी आहे. भाव मी मागतच नाही. वस्तूत खोट काढतो. हसत हसत, हळूहळू, इतकी की मालकालाच ती वस्तू घरात नकोशी व्हावी. बायको म्हणते, तुम्ही सत्यनारायणाच्या प्रसादातसुद्धा खोट काढाल. मला ते कौतुक वाटायचं. अजूनही कधी कधी वाटतं — काय करता?

हिंगण्याच्या एमआयडीसीत माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. संत्री भरायची खोकी. त्यामुळे काटोलच्या व्यापाऱ्यांशी जुने संबंध, आणि त्यात सगळ्यात जुने भाऊसाहेब. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, शब्दाला पक्के, आणि माझ्यावर भारी विश्वास. मी चार बुकं जास्त शिकलेलो म्हणून घरातला कोणताही निर्णय असला की मला विचारत.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाचं, नितेशचं लग्न झालं. सून सावनेरची, पल्लवी. वडील कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले, साधी माणसं. लग्नाच्याच आठवड्यात भाऊसाहेबांनी एक इम्पोर्टेड गाडी घेतली. जर्मन, काळीभोर, जहाजातून जशीच्या तशी उतरलेली. तशी गाडी काटोलात दुसरी नव्हती. नवरी त्याच गाडीतून घरी आली. मग भाऊसाहेब भेटेल त्याला सांगत सुटले, सुनेचा पायगुण आहे बाप्पा, पायगुण! नवी सून उंबरठा ओलांडून आत आली की तिच्या पावलांसोबत काय आलं आणि काय गेलं, हे आपल्याकडे घरोघर मोजतात. चांगलं आलं तर तिचं कौतुक. आणि वाईट आलं तर — ते तुम्हाला माहीत आहे.

मलाही माहीत होतं. ती गाडी आणि ती पोरगी त्या घरात एकाच दिवशी आली, दोघींची गाठ त्या घरानं आपणहून मारून ठेवली, हे मला चांगलं ठाऊक होतं. पुढे मी स्वतःला कितीदा समजावलं की तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. खोटं आहे ते.

दोन वर्षांनी त्यांनी ती गाडी विकायला काढली. भाऊसाहेबांचं बायपास झालं होतं, आणि गाडी इतकी बुटकी की त्यांना आतून उठवायला दोन माणसं लागायची. नितेशला उंच गाडी हवी होती. एवढंच कारण. मला कळलं आणि माझी झोप गेली.

घ्यावी की नाही, यात महिना घालवला. बायको म्हणाली, आपल्याला काय करायची ती? एक आरसा फुटला तर तो परदेशातून यायचा, तोवर काय हात बाहेर काढून चालवायची? बरोबरच होतं तिचं. नागपूरचे खड्डे, आमच्या बिल्डिंगची दीड हात पार्किंग, मुंबईहून मागवावे लागणारे पार्ट. पण मला ती हवी होती. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण खेळण्याच्या दुकानासमोर बसकण मारलेल्या पोट्ट्यासारखा झालो होतो. माझ्या जुन्या मेकॅनिकला, रफीकभाईला घेऊन काटोलला गेलो. त्यानं पोटाखाली शिरून, बॉनेट उघडून तासभर पाहिलं. मग हात पुसत माझ्या कानाशी म्हणाला, साहब, मक्खन है, आँख मूँद के ले लो.

आणि तीच माझी अडचण झाली. खोटच नाही, तर भाव कसा पाडायचा? भाऊसाहेब बावीस लाखांवर बसलेले. माझ्या मनात सोळा. दोन खेपा झाल्या, ते लाखभरही उतरले नाहीत.

तिसऱ्या खेपेला मी एकटाच गेलो. दुपारची वेळ, कूलर चालू, नितेश संत्र्याच्या बागेत गेलेला. पल्लवीनं चहा आणून ठेवला, बऱ्या आहेत ना काकू, म्हणून विचारलं आणि आत गेली. मी कप उचलला आणि ती गोष्ट बोललो. बोलेपर्यंत डोक्यात काही ठरलेलं नव्हतं, असं म्हणावंसं वाटतं. पण वाटेत, कळमेश्वरच्या पुढे, मी तीच वाक्यं मनात घोळवत आलो होतो.

"भाऊसाहेब, आमचा मेकॅनिक म्हणते, इंजिन चांगलं आहे. पण गाडी लाभत नाही म्हणते."

"कोणाले?"

"मालकाले."

ते हसले. मी नाही हसलो. उगाच हळू आवाजात विचारलं, तुमचं बायपास केव्हा झालं? गाडी आल्यावर की आधी? नितेश स्कूटरवरून पडला, पाय मोडला, तो? आणि त्या वर्षी ऐन बहारात बागेवर गारपीट झाली, ती? मी फक्त विचारत गेलो हो. मोजलं त्यांनीच. एकेक बोट मिटत होते. तिसरं बोट मिटलं आणि हात तसाच मांडीवर राहिला.

मला वाटलं, आता ते पोर्चकडे पाहतील. गाडी तिथे उभी होती. पण त्यांनी मान वळवली ती दुसरीकडे — स्वयंपाकघराच्या दाराकडे. आतून कपबशा विसळायचा आवाज येत होता. तो थांबला.

मला तेव्हाच कळलं. काय सुटलं आपल्या तोंडून, ते कुठे जाऊन पडलं, सगळं लख्ख कळलं. एक वाक्य पुरे होतं — भाऊसाहेब, थट्टा केली, भाव पाडायला बोललो. ते रागावले असते, दोन शिव्या दिल्या असत्या आणि विसरले असते. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात ते म्हणाले, अठरा द्या अन् घेऊन जा. आणि तुम्हाला खरं सांगू? मला आनंद झाला. सगळं कळत होतं, आणि तरी आनंद झाला. मी म्हणालो, सोळा. ते हौ म्हणाले.

गाडी आणायला गेलो त्या दिवशी वहिनींनी, म्हणजे भाऊसाहेबांच्या बायकोनं, नारळ फोडला, बॉनेटवर हळदकुंकू लावलं. पल्लवी दिसली नाही. मी विचारलं नव्हतं, तरी वहिनी घरच्या माणसाला सांगावं तसं हळूच म्हणाल्या, तिले म्या आतच राहाय म्हटलं.

त्यानंतर खोक्यांच्या ऑर्डरसाठी मी महिन्या-दोन महिन्यांनी जातच होतो. चहा आता वहिनी आणायच्या. मृगबहारातल्या संत्र्यांचा पहिला ट्रक निघाला तेव्हा सगळं घर गेटपाशी, ती नाही. तिनं बागेत पाय ठेवू नये, असं ठरलं होतं. कोणी ठरवलं, कधी, ते विचारायची मला गरज नव्हती. एकदा मागच्या अंगणातून येत होतो, ती पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन समोरून आली. मला पाहताच मागे सरकली आणि भिंतीला लागून उभी राहिली, मी पुढे जाईपर्यंत. कामाला निघालेल्या माणसाच्या आडवं जायचं नाही, हे तिला शिकवलं गेलं होतं. तोपर्यंत ते तिच्या अंगवळणीही पडलं होतं. मी तिच्यासमोरून गेलो. काय बोललो असेन? "बरं आहे ना?" म्हणालो.

मग एक दिवस ती माझ्या कारखान्यात आली. काटोलहून बसनं नागपूर, तिथून ऑटोनं हिंगणा. घरी सांगून आली होती की सावनेरला जाते. खुर्ची दिली तर बसली नाही.

"काकाजी, मी रफीकभाईले भेटून आली. ते म्हणाले, मी असं बोललोच नाही."

मी टेबलावरची बिलं सारखी करत राहिलो.

"मी भांडाले नाही आली. तुम्ही फक्त बाबांले सांगा, भावासाठी बोललो होतो म्हणून. तुमचं ऐकतात ते. मले माहेरी धाडून राहिले."

रडली नाही. मीच पाणी मागवलं आणि मीच प्यायलो. शनिवारी येतो म्हणालो. तिनं वेळ विचारली, म्हणजे नितेशला घरी थांबवून ठेवता येईल. अकरा वाजता, मी म्हणालो. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी काय म्हणू? तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. मी कोण आहे हे कळल्यावरसुद्धा ठेवला.

शनिवारी मी आंघोळ करून, शर्ट घालून, किल्ली हातात घेऊन बसलो होतो. अकरा वाजले. सव्वा अकराला फोन वाजला, तिचं नाव आलं. वाजून वाजून थांबेपर्यंत मी पाहत बसलो. पुन्हा वाजला. बायकोनं विचारलं, कोण आहे? मी म्हणालो, खोक्यांच्या ऑर्डरवाले असतील, आज पित्त झालंय, कुठे जात नाही.

का नाही गेलो? पैशासाठी म्हणावं तर गाडी केव्हाच माझ्या नावावर झाली होती. कोणी परत मागणार नव्हतं. पण सांगितलं असतं तर काटोलच्या बाजारात पसरलं असतं की हा माणूस गाडीच्या भावासाठी असं बोलतो. आणि भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं असतं. बस. एवढ्यासाठी. याहून मोठं कारण असतं तर मलाच बरं वाटलं असतं.

इथे थांबलो तर तुम्ही म्हणाल, भित्रा होता बिचारा, न जाणं हाच त्याचा गुन्हा. नाही. जे सांगायला बसलो ते अजून सांगितलंच नाही.

त्याच रात्री जेवणाच्या वेळी भाऊसाहेबांचा फोन आला. तिनं शेवटी स्वतःच सांगितलं होतं. ते म्हणाले, सून म्हणते, तुमचा मेकॅनिक असं बोललाच नाही. खरं काय आहे, तुम्हीच सांगा. त्यांचा आवाज कडक नव्हता. आज वाटतं, त्यांना तिचं खरं ठरायला हवं होतं. मी नुसतं हौ म्हणालो असतो तर पुरे होतं — एक अक्षर.

मी म्हणालो, "भाऊसाहेब, अशी गोष्ट तो परक्या बाईसमोर काहून कबूल करंल?"

मग ते म्हणाले, हौ, तेही खरं आहे. फोन ठेवला. तोवर ती फक्त वाईट पायगुणाची होती. माझ्या त्या एका वाक्यानं ती खोटारडीही झाली. मी पानावर परत आलो आणि उरलेला भात खाल्ला.

दिवाळीनंतर तिला सावनेरला नेऊन सोडलं. आधी थोड्या दिवसांसाठी, मग वकिलाचं पत्र गेलं. तिच्या वडिलांनी दोनदा काटोलला येऊन हात जोडले, असं मी ऐकलं. कोणाकडून ऐकलं, तर भाऊसाहेबांकडूनच, खोक्यांचा भाव ठरवताना. तिनं माझं नाव पुन्हा कुठे घेतलं का, मला माहीत नाही. घेतलं असतं तरी कोणी ऐकलं असतं?

गाडी उत्तम आहे. चार वर्षांत एकदा पंक्चर झाली, बाकी काही नाही. रफीकभाईनं मात्र माझं काम सोडलं. कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

या उन्हाळ्यात नितेशचं दुसरं लग्न झालं. पत्रिका घेऊन भाऊसाहेब स्वतः घरी आले. मी त्याच गाडीतून गेलो, गेटपासून लांब लावली. जेवणाआधी त्यांनी मला स्टेजवर बोलावलं. नको नको म्हणत होतो, लोकांनी ढकललंच. त्यांनी माइक घेतला आणि सगळ्या मांडवाला सांगितलं, "या माणसानं वेळेवर आमचे डोळे उघडले." माझ्या हातात नारळ दिला. मग दुपट्टा घालायला हात वर केले, पण आता त्यांचे हात पूर्वीसारखे वर जात नाहीत, पोचेनात. मी मान खाली केली, त्यांना तो नीट घालता यावा म्हणून.