कितव्या वर्षाचा भोईर?

खांबेटे काका पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आले तेव्हा त्यांच्या एका हातात पितळेची घंटा होती आणि मागे चार पोरं. नौपाड्यात मी नुकतीच दाताच्या डॉक्टरची पाटी लावली होती आणि पेशंटची वाट बघत दिवसातून दोनदा खुर्ची पुसत होते. एकदम पाच जण आलेले बघून मी खूश झाले. "यांचे दात शाबूत आहेत, डॉक्टरीणबाई," काका म्हणाले, "ते तसेच राहावेत म्हणून आलोय." पोरं विठ्ठलवाडी स्टेशनमागच्या बॉक्सिंग क्लबातली होती. त्यांना मापाची गमशील्डं हवी होती. खेळताना दातांवर चढवतात ती रबरी खोळ. बाजारात मिळणारी, गरम पाण्यात मऊ करून बसवायची खोळ काकांना पसंत नव्हती. "अंदाजे बसलेली वस्तू अंदाजेच वाचवते," असं त्यांचं मत.

आयटीआयमध्ये तीस वर्षं फिटरच्या पोरांना मोजमाप शिकवून काका निवृत्त झाले होते. अंगकाठी अशी की फुंकर मारली तर उडतील. स्वतः आयुष्यात कधी ग्लव्हज घातले नाहीत, पण क्लब सुरू झाल्यापासून तिथले टाइमकीपर तेच. रिंगशेजारी टेबल, टेबलावर घंटा, हातात घड्याळ. तीन मिनिटांची फेरी म्हणजे तीन मिनिटांची; आपला पोरगा कितीही मार खात असो, त्याला अर्ध्या सेकंदाची सवलत नाही. कोणी डोळे वटारले तर म्हणत, "घंटा कोणाची नातेवाईक नसते." नव्या पोराला पहिल्याच दिवशी त्यांचं दुसरं वाक्य पाठ करावं लागे: "घंटा झाली की हात खाली. समोर शत्रू असला तरी हात खाली." पोरं सरावात गुंग असताना ते मध्येच घंटा वाजवत आणि ज्याचे हात वर राहतील त्याला पन्नास बैठका. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं त्याच्यावरच आलं.

काकांचा खरा शौक मात्र वेगळा होता. दोन वेगळ्या काळातल्या विजेत्यांची ते मनातल्या मनात झुंज लावत. जगातले गाजलेले बॉक्सर त्यांना चालत नसत. "ज्याच्या घामाचा वास मला माहीत नाही, त्याचं मी काय सांगू?" झुंजी फक्त आपल्या जिल्ह्यातल्यांच्या, काकांनी टेबलाशेजारून पाहिलेल्या. काका राहायचे नौपाड्यातच, त्यामुळे शनिवारी दुपारी माझ्या दवाखान्यातल्या बाकावर हा खेळ रंगायचा. कोणी म्हणालं, अमका आणि तमका भिडले तर? की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कितव्या वर्षाचा अमका?" वय सांगितल्याशिवाय ते पुढे जातच नसत. "माणूस बोलवायचा तर वयासकट बोलवा. तिशीतला आणि विशीतला ही दोन वेगळी माणसं आहेत, नाव एक असलं म्हणून काय झालं?" मग घंटा वाजवून तीन मिनिटं झुंज सांगत, एक मिनिट गप्प बसून पाणी पीत, पुन्हा घंटा. खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवून बाहेर कान लावायचा आणि मी हातात ड्रिल धरून वैतागायचे. पण दरवाजा मी कधी लावून घेतला नाही, हेही खरं.

गेल्या वर्षी एका शनिवारी काका हिराजी भोईरला घेऊन आले. डोंबिवलीकडच्या खाडीकाठच्या गावातला हा माणूस याच क्लबात शिकलेला, एके काळी सलग पाच वर्षं जिल्ह्याचा विजेता होता. आता एक्कावन्न वर्षांचा, स्वतःचा टेम्पो चालवणारा. क्लबात लावलेल्या फोटोत तो चोवीस वर्षांचा आहे. त्याची दाढ दुखत होती. त्याच वेळी प्रणव गमशील्डसाठी आलेला. प्रणव पंचविशीतला, सध्याचा विजेता, वर्तकनगरच्या एका जिममध्ये शिकवणारा. दोघांचं वजन एकाच गटातलं. एवढं जमून आल्यावर बाकावरचे लोक गप्प बसतात होय? झुंज लागली.

"भोईर चोवीसचा, प्रणव आत्ताचा," काकांनी नेहमीसारखं आधीच बजावलं आणि घंटा वाजवली. मी त्यांच्या कितीतरी झुंजी ऐकल्या, पण त्या दिवसासारखं ते कधी बोलले नाहीत. भोईरचा डावा हात कसा आधी विचारून येतो आणि उजवा न विचारता, पाय कसे ओल्या बांधावर चालल्यासारखे पडतात. बाकावरचा भोईर मान खाली घालून ऐकत होता आणि त्याचे खांदे हलत होते, त्याच्या नकळत. निकाल लागला: भोईर, गुणांवर. प्रणवने हसून त्याच्या पाया पडायला वाकत म्हटलं, "दादा, तुम्ही एकदम खतरनाक हां."

भोईर मात्र हसला नाही. काकांकडे बघून म्हणाला, "काका, खरा ना? का मना बरा वाटावा म्हणून?"

"अरे, खरंच," काका म्हणाले.

एवढंच म्हणाले. आयुष्यभर वय विचारणारा हा माणूस त्या वेळी 'चोवीसचा' हा एक शब्द बोलला नाही. भोईरचं तोंड असं उजळलं होतं की मलाही तो शब्द बोलवला नसता. क्लबाचे सेक्रेटरी शेलार तिथेच बसले होते. महिनाभरात क्लबाचा वर्धापनदिन होता, आणि शेलारांना कार्यक्रमात काहीतरी नवं हवंच होतं. त्यांनी सुचवलं, भोईर विरुद्ध प्रणव, नुसती प्रदर्शनाची झुंज, दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. भोईरने क्षणात हो म्हटलं. काका म्हणाले, "शेलार, ही गंमत बाकावरची आहे. बाकावरच राहू दे." शेलार म्हणाले, "काका, तुम्हीच तर जिंकवलात त्याला."

पुढच्या आठवड्यात भोईर गमशील्डचं माप द्यायला आला. दहा मिनिटांत त्याने मला तोच प्रश्न दोनदा विचारला. चूळ भरल्यावर ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी हनुवटीवर ओघळलं, शर्टावर पडलं आणि त्याला ते कळलंच नाही. दात काढण्यापलीकडे मला फार अक्कल आहे असा माझा दावा नाही, पण हे दातांचं दुखणं नव्हतं एवढं मला समजलं. मी काकांना फोन केला. काका म्हणाले, "मी त्याला दोनदा सांगून आलो. म्हणतो, तुम्हीच म्हणालात खरंच, आता पलटताय का?" मग म्हणाले, "तुम्ही ते गमशील्ड देऊ नका." मी म्हटलं, मी नाही दिलं तर बाजारातलं घालून उतरेल. तर्क बिनचूक होता. मी गमशील्ड करून दिलं, आणि ते उत्तम बसलं.

वर्धापनदिन रविवारी सकाळी होता. मी सहसा झुंजी बघायला जात नाही. रात्रंदिवस दात बघणाऱ्या बाईला ते सोसत नाही. त्या दिवशी गेले. भोईरच्या गावातली माणसं टेम्पो भरभरून आली होती. पहिल्या फेरीत प्रणव नुसता खेळवत होता आणि भोईर खरोखरच फोटोतल्यासारखा दिसला. लोक ओरडत होते. दुसऱ्या फेरीत भोईरचा एक उजवा लागला आणि प्रणवच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. विश्रांतीत भोईर चुकून समोरच्या कोपऱ्याकडे चालू लागला, कोणीतरी हाताला धरून त्याला वळवलं. लोक हसले. मी काकांकडे पाहिलं. त्यांचा रंग उडाला होता. त्यांनी पंचाला हाक मारली, पण त्या गलक्यात ती पोचली नाही.

तिसऱ्या फेरीत भोईर दोरांना टेकला. हात मात्र वर होते, दोन्ही, तोंडासमोर घट्ट. प्रणव मारत होता, जोरात नाही, पण मारत होता. आणि घंटा वाजली. भोईरचे हात तत्काळ खाली आले. प्रणवचा उजवा सुटलेला होता, तो त्याला आवरता आला नाही.

भोईर बसल्यासारखा खाली गेला.

त्याला कल्याणच्या हॉस्पिटलात नेलं. मेंदूत रक्त साकळलं होतं. तो वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही बरीच गेली. डॉक्टर म्हणाले की आधीचंही काही असणार. गावात मात्र एकच बोललं जात होतं, पोराने घंटेनंतर मारलं. प्रणवने जिमला जायचं सोडलं.

तिसऱ्या दिवशी काका दवाखान्यात आले. बाकावर न बसता सरळ आत आले आणि खुर्चीशेजारी उभे राहिले. "डॉक्टरीणबाई, फेरी संपली नव्हती," ते म्हणाले. "तेहतीस सेकंद बाकी होते. मला वाटलं, आपण घंटा दिली की सुटेल. उभ्या आयुष्यात एकदाच घंटेला नातं लावलं, आणि हात खाली करायला त्याला मीच शिकवलेलं." मला त्यांना धीर द्यायचा होता. पण ते थांबले नाहीत. तिथून ते प्रणवच्या घरी गेले, मग शेलारांकडे, आणि तेहतीस सेकंदांची गोष्ट स्वच्छ अक्षरात लिहून क्लबाच्या फळ्यावर लावून आले. टाइमकीपरचं काम त्याच दिवशी सोडलं. बाकावर नंतर एकही झुंज लागली नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले. घंटा त्यांनी माझ्याकडे ठेवायला सांगितली होती, ती प्लास्टरच्या साच्यांच्या कपाटात आहे. भोईरच्या दातांचा साचाही तिथेच आहे. मी तो टाकू शकत नाही. पण काका म्हटलं की मला घंटा आठवत नाही, भोईरच्या घराची ओटी आठवते. फळ्यावर कागद लावल्यानंतर पुढे कधीतरी भोईरला थोडं बोलता येऊ लागलं, तेव्हा ते मला सोबतीला घेऊन तिथे गेले होते. कागदावरचं सगळं त्यांनी त्याला तोंडाने सांगितलं, काही न वगळता, 'चोवीसचा' म्हणायला हवं होतं तेही. माणूस शिव्या देईल, अंगावर काही फेकेल, म्हणून मी दाराशी उभी होते.

भोईरने काकांकडे पाहिलं. मग जड जिभेने एकेक शब्द जुळवत म्हणाला, "म्हंजे घंटा झालेली."

"झालेली," काका म्हणाले.

"मंग मी हात खाली केलं, बराबर केलं ना, काका?"

काकांनी त्याचा निर्जीव उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "बरोबर केलंस रे."