लेकीच्या घरचं पाणी

धानाचा एक दाणा दाताखाली दाबायचा, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "वेळ हाये अजून." बालाघाटच्या बाजारात धानाची दलाली करणारे आमचे शेजारी असेच होते. धान ओलं असो, चहा उकळायचा असो, नाहीतर वरात दारात आलेली असो, त्यांचं उत्तर ठरलेलं. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. पण आमच्याइतका गोड नसेल, पैज लावून सांगते.

मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला वहिनी. बायको लवकर गेली, एकुलती एक लेक. ती शिकून बंगलोरला अवकाश संस्थेत लागली, चंद्रमोहिमांच्या नियोजनात. भाऊंनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि छातीठोकपणे सांगून टाकलं, "दिवाळीले यान सोडते माही पोरगी!" झालं! दिवाळी गेली, होळी गेली. जो तो विचारी, "काय भाऊ, गेलं का यान?" बिचारे मागच्या बोळातून बाजारात जायला लागले.

शेवटी लेक सुट्टीवर आली, तिने बापाला समोर बसवून समजावलं. आधी चंद्रावरची माती आणायची, पाणी शोधायचं, मग अंतराळात आपलं ठाणं उभं करायचं, मग कुठे माणूस चंद्रावर उतरवायचा. दोन हजार चाळीसपर्यंतचा बेत. भाऊंनी ऐकता ऐकता मांडीवर थाप मारली.

"म्हंजे आंदी धानाची रोपं वाढवाची, मंग वावरातल्या बांधीत रोवणी! असं सांग ना!"

दुसऱ्या दिवशी हेच गल्लीला शिकवायला बसले. कोणीतरी म्हणालं, "भाऊ, तवरिक आपण राहू का?" तर हे म्हणतात, "आपण नाई राह्यलो तं चंद्र तं राहीन!"

पुढे लेकीचं लग्न झालं, नात झाली. भाऊ बारशाला गेले ते इथून पाण्याचे कॅन आणि मुरमुऱ्याचा चिवडा घेऊन. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. लेक रुसली, जावई हसला, आणि हे आपले चिवडा खात परत आले.

नात पाच महिन्यांची झाली तेव्हा लेकीचा फोन आला. सुट्टी संपत आलेली, सासू अंथरुणाला खिळलेली, जावयाची फिरतीची नोकरी. बाळाला बघायला कोणीच नाही, म्हणून ती नोकरी सोडणार होती. भाऊ आमच्या ओट्यावर येऊन बसले. तोंड एवढंसं झालेलं.

"मी गेलो असतो वहिनी. पण दोन दिसाची गोष्ट नाई, तिथंच राहा लागन. लेकीच्या घरचं अन्नपानी कसं घेऊ?"

माझं डोकंच फिरलं.

"भाऊ, तुमची पोरगी चंद्रावर पानी शोधाच्या मागं लागली, अन् तुमाले तिच्या माठातलं पानी चालत नाई? काहून जी?"

भाऊ जे हसत सुटले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यात थोडं रडणंही होतं, मला कळलं.

त्याच आठवड्यात त्यांनी दलालीचा कारभार पुतण्याच्या हवाली केला. ज्याला जन्मात कशाची घाई नव्हती, तो माणूस गाडी यायच्या कितीतरी आधी स्टेशनवर जाऊन बसला.

तेव्हापासून त्यांच्या दाराला कुलूप आहे. गल्ली सुनी वाटते, खोटं कशाला बोलू? फार आठवण येते त्यांची. पण आनंदही तेवढाच होतो.

परवा मी व्हिडिओ कॉल केला. भाऊंच्या खांद्यावर नात, हातात दुधाची बाटली. मी सवयीने मोठ्यांदा ओरडले, "काय भाऊ, बरे हा ना?"

त्यांनी दचकून मागच्या बंद दाराकडे बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला वहिनी! आतमंधी पोरीची मिटिंग सुरू हाये. माणूस उतरवून राह्यले चंद्रावर."