दोन पळ्या लापशी

शिकवलेलं कुणी मनापासून शिकलं, की शिकवणाऱ्याला आनंद व्हायला हवा. कळसजवळच्या वस्तीवर एका आईने मला चांगलंच शिकून दाखवलं, आणि मी भडकले. अजूनही ते आठवलं की चिडचिड होते. तेव्हा ती तिच्यावर होती, आता कुणावर काढायची ते कळत नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. बारामतीच्या एका संस्थेने इंदापूर तालुक्यातल्या वस्त्यांवर पोषण केंद्रं काढली होती, त्यातलं एक माझ्याकडे होतं. सकाळी एसटीने फाट्यावर उतरायचं, पुढे पायी. समाजमंदिरात सहा वर्षांखालच्या पोरांना गुळाची लापशी द्यायची, आठवड्यातून एकदा त्यांच्या आयांचा वर्ग घ्यायचा आणि महिन्याला पोरांची वजनं. आढ्याला काटा टांगलेला, त्याला कापडी झोळी. झोळीत बसवलं की पोरं भोकाड पसरायची. वजन तक्त्यावर टिंब देऊन मांडायचं. टिंब तांबड्या पट्ट्यात पडलं तर दोन पळ्या लापशी, वरच्या पिवळ्या पट्ट्यात चढलं की एकच. हे मी वर्गात घसा फोडून शिकवलं होतं.

सगळ्यांत आधी समजलं ते एका सुनेला. तिच्या सासरची मेंढरं कधीच विकली गेली होती, नवरा-बायको बागायतदारांच्या मळ्यात कामाला जायची. दोन मुली. थोरलीला सहा पुरी झाली तसं मी नियमाप्रमाणे तिचं नाव कमी केलं. तरी धाकटीला काखेत घेऊन रोज थोरलीच यायची आणि शेजारी बसून राहायची. धाकटी तांबड्या पट्ट्यात. दोन पळ्यांची ताटली रोज चाटूनपुसून रिकामी व्हायची, पण टिंब काही चढेना. मी लापशीला दोष दिला, जंतांना दिला, आईलाही दिला.

वजनाच्या दिवशी मात्र आई स्वतः यायची. सगळ्यांच्या आधी. पोरीचं झबलं उतरवायची, पायातले वाळेसुद्धा काढून पदरात बांधायची. मला वाटायचं, किती काटेकोर बाई!

एकदा एसटी उशिरा आली. मी पोचले तोवर लापशी शिजली होती आणि वासाने धाकटी रडून लाल झाली होती. आई म्हणाली, "आधी वजन करा बाई, मग खाईल."

"सकाळी काही दिलं नाहीस का हिला?"

तिच्याआधी थोरलीच बोलली, "वजनाच्या दिशी आय तिला कायबी देत न्हाय."

माझं डोकंच फिरलं. सगळ्या बायकांसमोर मी त्या पोरीला पोटभर खाऊ घातलं, झबलं चढवलं, वाळे घातले आणि झोळीत बसवलं. टिंब पिवळ्यात! वाळ्यांचं वजन ते किती असणार? पण मला ते सगळं वसूल करायचं होतं.

"पोर सुधारली, तर लपवायचं कशाला?" मी ओरडले.

"सुधारली म्हणूनच भ्या वाटतंय," ती खाली बघत म्हणाली. "एक पळी दोघींत कशी पुरायची?"

"थोरलीचं नाव आता नाही."

"नाव न्हाय बाई, पर भूक हाय की तिला."

तेव्हा कळलं ताटली कोण चाटायचं ते. तरी मी एकच पळी लिहिली. थोरलीला परत घ्या म्हणून बारामतीला पत्र पाठवलं. उत्तर आलं, नियम सगळ्यांना सारखा. वर माझं कौतुक, एक मूल पिवळ्या पट्ट्यात आणल्याबद्दल! तो तक्ता तिथल्या बैठकीत नमुना म्हणून दाखवलासुद्धा.

त्यानंतर रोज दुपारी धाकटी अर्धी लापशी खायची आणि ताटली बहिणीकडे सरकवायची. मी म्हणायचे, "तिचं तिला खाऊ दे गं." थोरली भिंतीकडे तोंड फिरवायची, आणि माझी पाठ वळली की खायची. मला ते दिसत होतं. पातेल्याला रोज खरवड उरायची. ती त्या थोरलीच्या हातावर ठेवायला मला कुणाची परवानगी लागत होती? माझ्यात धमक नव्हती, एवढंच.

पुढच्या महिन्यात आई वजनाला आली ती सगळ्यांच्या शेवटी. पोरीच्या अंगात झबलं, पायात वाळे, ओठाला भाकरीचा चुरा. तिने स्वतःच तिला झोळीत बसवलं. पोर रडलीसुद्धा नाही. मी काटा पाहिला, पुन्हा पाहिला. टिंब तांबड्या पट्ट्यात, मागच्या सगळ्या टिंबांच्याही खाली.

"चारून आणलीया बाई, वाळंबी काढलं न्हाईत," ती म्हणाली. "आता खरं हाय न्हवं?"

मी मान हलवली. त्या दुपारपासून पोरीला पुन्हा दोन पळ्या सुरू झाल्या, अगदी नियमाप्रमाणे.