जावयाच्या गाडीची सर्व्हिसिंग

भांडगावात आमच्या दारात उभी असलेली गाडी बारा वर्षांची झाली, तेव्हा ती तीस हजार किलोमीटरही चालली नव्हती. मी शाळेत शिकवायला मोटरसायकलवर जायचो. गाडी बाहेर निघायची ती लग्नाला, दवाखान्याला आणि वर्षातून एकदा सर्व्हिसिंगला. अजून कोरी आहे, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो. किती मूर्खासारखा सांगायचो, ते आठवलं की आजही डोकं तापतं.

सर्व्हिसिंगला यवत जवळ होतं. रस्त्यालगत चार गॅरेजं होती. पण माझ्या बायकोच्या मामांचं गॅरेज कारेगावात, आणि घरचं गॅरेज असताना जावयाने परक्याकडे गाडी लावली तर चार लोकांत काय दिसेल? म्हणून मी यवतकडे पाठ करून पार शिरूर तालुक्यात जायचो.

तिथे पोचलो की मामा किल्ली घ्यायचे आणि मला आत पाठवायचे. गॅरेज पुढे, घर मागे. जावई माणसाला ऑइलच्या वासात उभं कसं करणार? पाय धुवायला पाणी, खुर्चीवर टॉवेल, चहा, मग मटणाचं जेवण, मग डुलकी. चारच्या सुमाराला मामी कपाळाला कुंकू लावायच्या आणि मामा किल्ली हातात द्यायचे. काय काय केलं असं विचारलं, तर सगळं बघितलं म्हणायचे. माझ्या गाडीचं बॉनेट तिथे उघडलेलं मी एकदाही पाहिलं नाही. जेवण मात्र दर वेळी चांगलं असायचं.

गेल्या वर्षी मुलीला कुरकुंभच्या एका कारखान्यात, लॅबमध्ये नोकरी लागली. आता गाडी रोज हायवेवर जाणार, म्हणून मी ती मुद्दाम मामांकडे नेली आणि ब्रेक नीट बघा, असं सांगितलं. ते हसले.

"जावईबापू, तुमची गाडी पळतीच कुठं? उभ्या गाडीला काय हुतंय?"

मला ते पटलं. पटलं, कारण आत ताट वाढलेलं होतं.

पंधरा दिवसांनी, कामावरून परतताना, गावाच्या वळणावर मुलीने ब्रेक दाबला आणि पेडल तळाला गेलं. गाडी थांबेना. पुढे उसाची ट्रॉली होती. तिने हँडब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या मुरमाच्या ढिगात घातली, म्हणून वाचली. मी धावत पोचलो तेव्हा ती त्या ढिगावर बसली होती.

गाडी ओढून यवतला नेली. तिथल्या मेकॅनिकने मला चहा विचारला नाही, बसा म्हटलं नाही. चाक काढलं, मला वाकायला लावलं आणि ब्रेकचा रबरी पाइप दाखवला. जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखा तडकून तो फुटला होता. ब्रेकचं ऑइल काळं पडलं होतं. ते कधी बदललेलंच नसावं, असं त्याचं म्हणणं पडलं. गाडी फारशी चाललेली नाही, असं मी पुटपुटलो.

"चालली न्हाई म्हणून रबर वाळायचं थांबतंय व्हय, गुरुजी?" तो म्हणाला. काढलेले सगळे जुने भाग त्याने न मागता पिशवीत घालून मागच्या सीटवर ठेवले.

गाडी दुरुस्त झाल्यावर पुढच्या रविवारी मी तीच पिशवी घेऊन कारेगावला गेलो. रस्ताभर शिव्या जुळवत गेलो. तिथे पोचल्यावर फुटका पाइप मामांच्या पुढ्यात ठेवला आणि पोरगी गाडीत होती, एवढंच तोंडातून निघालं. मामा तो पाइप हातात फिरवत बसले.

"चुकलं आमचं," शेवटी ते म्हणाले. "पर तुम्ही एकदा तरी शेडात येऊन उभं ऱ्हायचं हुतं. आम्हाला वाटायचं, गाडीचं निमित्त हाय. तुम्ही भेटायला येता."

माझा संताप आणखी वाढला. पोरीच्या जिवावर बेतलं होतं आणि हा माणूस पाहुणचाराचं बोलत होता. त्यात तो खोटंही बोलत नव्हता. बारा वर्षं मी तिथे जावई म्हणूनच गेलो होतो, गाडीचा मालक म्हणून एकदाही नाही. समोरच्या चहाला मी हात लावला नाही. तेवढीच माझी मर्दुमकी. निघायला उठलो तर मामी कुंकवाचा करंडा घेऊन आल्या, आणि मी सवयीने कपाळ पुढे केलं.

घरी आलो तेव्हा मुलगी ओट्यावर बसली होती. तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि हात पुढे करून गाडीची किल्ली मागून घेतली.