बोटीवरचा रविवार

शिरूरच्या मिशन कंपाउंडात राहणारी माझी कृपाआत्या रविवारी इकडची काडी तिकडे करत नसे. प्रभूनं विसावा सांगितलाय, म्हणायची. एकोणीसशे सत्तावन्न साली मिशनच्या मडमेनं तिला रत्नागिरीच्या बोटीवर नेलं. तो नेमका रविवार. आत्या खुर्चीत बसून निवांत समुद्र बघत होती. डेक धुणाऱ्या खलाशाला म्हणाली, "आज तरी बसावं, बाबा."

"मी बसलो तर तुम्ही कशा बसाल?"

आत्याला घरची चूल आठवली. घरी दर रविवारी तिला गरम भाकरी लागे. ती थापणारी सून, प्रेमा, उपासनेला येत नाही म्हणून आत्यानंच तिला चारचौघांत नास्तिक म्हटलं होतं.

पुढच्या रविवारी आत्या चुलीपुढं बसली.

"प्रेमा, उपासनेला तू जा. मला तिथं जायला तोंड न्हाई."