निकोलस दुपारी जेवतो कुठे?

ग्रेसी शाळेत शिकवायची तेव्हा कॉपी करणारं पोर तिला नुसत्या मानेवरून ओळखू यायचं. निवृत्तीनंतर ती नजर नवऱ्यावर वळली. निकोलसला मधुमेह निघाला आणि फोनवरचा एक व्हिडिओ बघून ग्रेसीने घरातला भात, पाव, भाकरी बंद केली. ताटात लोणी, चीज, अंडी, डुकराचं मटण आलं. निकोलस मुकाट्याने खायचा.

साखर उतरली, पण पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉल चढलेलं निघालं. म्हणजे हा माणूस बाहेर चोरून खातोय! दुपारी केळीच्या वाडीत पाणी सोडायला जातो, उशिरा परततो आणि भूक नाही म्हणतो. वाडीला लागूनच त्याची थोरली बहीण उर्सुला राहते, तिला दोघंही बाय म्हणतात. लाड तिथेच होत असणार.

एका दुपारी ग्रेसी मागोमाग गेली. निकोलस बहिणीच्या स्वयंपाकघरात जेवत होता.

"सापडलात!"

तिने ताट पाहिलं. एक तांदळाची भाकरी, वालाची उसळ, भाजलेला बांगडा, काकडी. तिने भांड्यांवरची झाकणंही उचलून पाहिली. गोड नाही, तळलेलं नाही.

"बाय, मला सांगायचं तरी!"

"काय सांगू?" उर्सुला म्हणाली. "हा वाडीत चक्कर येऊन बसला होता, घामाने निथळत. पेज पाजली तेव्हा कुठे बोलायला लागला. तुला सांगू नको म्हणाला."

"तू एवढं मनापासून करतेस," निकोलस पुटपुटला. "पण ते खाऊन अंगात जोरच राहत नाही गं."

ग्रेसीचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी ती त्याला डॉक्टर मीराकडे घेऊन गेली. सगळं ऐकून डॉक्टरांनी आधी मधुमेहाच्या गोळ्यांचं विचारलं.

"गोळ्या तेवढ्याच आणि भात-भाकरी पार बंद? मग साखर नको तेवढी खाली जाणारच. मला न विचारता असं करायचं नाही. आणि कोलेस्टेरॉल भाकरीने नाही, लोण्या-मटणाने चढलेलं दिसतंय. अर्धं ताट भाजी घ्या. उरलेल्या अर्ध्यात डाळ किंवा मासे आणि थोडा भात नाहीतर भाकरी. तेल बेताचं."

परतताना रिक्षात ग्रेसीने डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाली, "उद्यापासून बायकडे जेवायचं नाही."

निकोलसचा चेहरा पडला.

"उसळ तिला विचारून मीच करीन."

काही महिन्यांनी कोलेस्टेरॉल उतरलं. ग्रेसीने दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा रक्त द्यायला लावलं. तिथेही तेच निघालं, तेव्हा ती हसली.