नदीत घालायच्या वहाणा

माझ्या पोटापाण्याचे श्रेय ज्यांना द्यायचे, ते भाऊसाहेब, आमच्या मोजणीचे प्रमुख. खरे नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडले नसते. नदीच्या मोजणीवर नवा माणूस आला की ते आधी उकिडवे बसत, त्याची वहाण काढायला लावत आणि तळ अंगठ्याने दाबून बघत. "ही पहिल्याच खडकावर दगा देणार," एवढे म्हणत आणि उठताना गुडघ्यावर हात टेकत. दमलेली माणसे तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. स्वतः इतके दमून दुसऱ्याच्या पायांची काळजी करणारा माणूस मला तो एकच भेटला.

मी निरवांगीचा, घरातला पहिला बी.ए. पन्नास सालानंतरची ही गोष्ट. नोकरी मिळाली ती हंगामी. पळसदेवहून लाकडी नावेतून निघायचे आणि काठीने भीमेची खोली मोजत खाली जायचे. थंडी सरली की नदी तुटते. एक डोह, मग नुसते काळे खडक, त्यावर शेवाळ, मग पुन्हा डोह. खडक आले की नाव बाहेर काढून खांद्यावर घ्यायची आणि पुढच्या डोहात नेऊन सोडायची. संध्याकाळी भाकरी चावायचाही कंटाळा येई.

वडिलांनी बारामतीहून माझ्यासाठी बूट आणले होते. आठवड्यात त्यांचे तळ सुटले. आमचा नावाडी धोंडीबा म्हणाला, "बीए, आता त्यात मासं पाळा. वाया जायाचं न्हाईत."

मग कापडी बूट झाले; त्यात वाळू भरून पाय शिशाचे होत. वहाणेला सुंभ गुंडाळून पाहिला. पकड छान, पण बोटांची सालटी निघाली. इंदापुरात वहाणा शिवणारे तात्या होते. ते म्हणत, "लॉरीच्या टायरचा तळ लावतो. एकदा घालून तर बघा, भाऊसाहेब."

"टायर गाडीला. माणसाच्या पायाला कातडंच पाहिजे."

"मग खडकाला इचारा, त्याला काय पाहिजे."

भाऊसाहेब हसले, पण ऐकले नाहीत. सगळ्यांसाठी जाड कातड्याच्या, टाचेला पट्टा असलेल्या वहाणा सांगितल्या. त्या यायच्या होत्या, तोवर मी अनवाणी चाललो आणि शिंपल्याने माझा तळपाय चिरला.

पाय सुजला, पू झाला. हंगामी माणूस गैरहजर राहिला की दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा येई. वडिलांनी गावभर सांगितले होते, पोरगं सरकारात लागलं. मी दात आवळून चालत होतो. भाऊसाहेबांनी पाहिले.

"बीए, उद्यापासून नावेत बसून काठी धरायची. खडक आले की उतरून सावकाश चालायचं. खांदा द्यायचा नाही."

"पण माझ्या जागी नावेला खांदा कोण देणार?"

"मी आहे की. अजून मेलो नाही."

त्यांची पेन्शन जवळ आली होती. चढ चढताना ते दोनदा थांबत.

नव्या वहाणा त्याच संध्याकाळी आल्या. आमच्याकडे नवी वहाण तेल दिल्याशिवाय कोणी पायात घालत नाही. भाऊसाहेबांनी करंजीचे तेल मागवले. सगळे गोल बसले. वरून लावले, शिवणीत लावले, आणि पाणी शिरू नये म्हणून तळालाही जिरवून जिरवून लावले. ते स्वतः एकेकाची वहाण उजेडात धरून बघत होते. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

सकाळी पहिल्या खडकावर नाव उचलली आणि सगळ्यांचेच पाय सटकू लागले. धोंडीबा ओरडला, "भाऊसाहेब, ह्या वहाणा हायत का वाम मासं? धरू म्हनलं तर निसटत्यात!" सगळे हसले, भाऊसाहेबही हसले. "काढा रे त्या," असे ते म्हणाले, आणि नाव खाली ठेवायच्या आत त्यांचाच पाय घसरला. नावेची कड त्यांच्या मांडीवर आली.

बैलगाडीत घातले तेव्हा त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. हजेरी घेणाऱ्याला त्यांनी जवळ बोलावले. "ह्या पोराची हजेरी पाय बरा होईपर्यंत लावायची. मी सांगितलंय म्हणून लिहा." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तेल माझंच होतं, बीए. उगाच रडू नका."

मी टिकलो. पुढच्या वर्षी कायम झालो. तात्यांनी सगळ्यांना टायरचे तळ लावून दिले आणि त्यानंतर खडकावर कोणी पडले नाही. भाऊसाहेब मात्र पुण्याच्या दवाखान्यातून थेट जळोचीला घरी गेले. मांडीचे मोडलेले हाड जुळले, पण पाय आखूड झाला. लंगडत लोकांसमोर जायला नको म्हणून ते दारातून हलत नाहीत, असे कळले. तेव्हा मी हे पत्र पाठवले.

"ती. भाऊसाहेबांना सा. न. वि. वि.

मी कायम झालो, हे आपल्याला कळले असेलच. वडिलांनी आपल्यासाठी गुळाची ढेप ठेवली आहे, ती घेऊन येतो. त्याआधी एक काम करावे. दोन्ही पायांची मापे कागदावर काढून पाठवावीत, वेगवेगळी. आखूड पायाच्या वहाणेखाली टायरचा जादा थर बसवता येतो, असे तात्या म्हणतात. किती जाड लावायचा, ते मात्र आपणच कळवावे. माप काढताना बसू नये. दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहावे. भिंत धरली तरी चालेल."